पाठीला हात लावू देण्यापूर्वी दोन शब्द बोला

कंबर किंवा मान कधीच दुखली नाही असा माणूस आपल्या दौंड-शिरूर भागात शोधून सापडणार नाही. कुरकुंभच्या एमआयडीसीत दिवसभर ड्रम सरकवणारा कामगार, दौंड स्टेशनवर ओझी वाहणारा हमाल, सोलापूर रस्त्यावर रात्रभर टँकर चालवणारा ड्रायव्हर, उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारा तोडणी कामगार, कांद्याच्या रानात वाकून खुरपणारी बाई, या सर्वांचे दुखणे एकच. जगाचीही तीच तऱ्हा आहे. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा जागतिक आरोग्य संघटनेने दिलेला आकडा आहे.

कंबर दुखली की आपण काय करतो? घरातल्या लहान मुलाला पाठीवर चालायला लावून पाठ तुडवून घेतो. उसण भरली तर गावातला पायाळू माणूस शोधतो. मान धरली तर केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून मोडून घेतो. हात-पाय मुरगळला तर हाडवैद्याकडे जातो. आणि हे सगळे करून दुखणे राहिलेच तर मग डॉक्टर. अलीकडे या यादीत एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. मोबाईलवर फिती फिरतात. कोणी एक तज्ज्ञ रुग्णाला टेबलावर आडवा करतो, कडकड आवाज काढून मणके 'बसवतो' किंवा हनुवटीखाली पट्टा अडकवून मान खसकन ओढतो, आणि रुग्ण हसत उठतो. ते पाहून तरुण मुले दवाखान्यात येऊन विचारतात, "डॉक्टर, पुण्याला जाऊन ते करून घेऊ का?"

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात 'हो' किंवा 'नाही' असे देता येत नाही, म्हणून हा लेख. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. पाठीला हात कोण लावतो यापेक्षा हात लावण्यापूर्वी तुमच्यात आणि त्याच्यात काय बोलणे झाले, हे जास्त महत्त्वाचे आहे. आपण नेमके इथेच गप्प बसतो, आणि हा गप्पपणा कधी कधी फार महागात पडतो.

लाथ, मालिश आणि आपोआप बरे होणे

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने पाठीला पाय लावला की उसण जाते, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. तिला हसण्याचे कारण नाही, पण ती समजून घ्यायला हवी. अचानक भरलेली उसण म्हणजे बहुतेक वेळा पाठीच्या स्नायूंनी धरलेला आकडा असतो. तो काही दिवसांत आपोआप सुटतो. साधी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण कमी होते. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी ज्याने कोणी उपचार केला, त्याच्या पदरात यश पडते. मग तो पायाळू असो, मालिशवाला असो, नाही तर गोळी देणारा डॉक्टर असो!

तरीही या लोकांकडे एक गोष्ट आहे जी आम्हा डॉक्टरांच्या दवाखान्यांत कमी होत चालली आहे. ते दुखऱ्या जागेला हात लावतात. आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवत, वरवंड, उंडवडीकडे जाते तेव्हा वाटेत वारकऱ्यांचे पाय चोळून देणारी माणसे आपण पाहतो. त्या तेलाच्या हातात नुसते तेल नसते. चोळल्याने, शेकल्याने, ताणल्याने स्नायू सैल होतात आणि आपली कोणी तरी काळजी घेत आहे या भावनेनेही वेदना हलकी होते. हाताने केलेल्या उपचाराला अर्थ आहे, हे मी मान्य करूनच पुढे जातो.

अमेरिकेतून आलेली विद्या

फितींत दिसणाऱ्या प्रकाराचे नाव कायरोप्रॅक्टिक. ग्रीक भाषेतील 'हात' या शब्दावरून ते आले आहे. १८९५ सालच्या सप्टेंबरात अमेरिकेतील आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट या गावी डॅनियल डेव्हिड पामर नावाच्या गृहस्थाने हार्वे लिलार्ड नावाच्या, कानाने कमी ऐकू येणाऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा एक मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असा दावा केला. तिथून या शास्त्राची सुरुवात मानतात. पामर पूर्वी चुंबकशक्तीने उपचार करीत असे. मणके जागचे हलतात, त्यामुळे मज्जातंतूंवर दाब येतो आणि जवळजवळ सर्व रोग त्यातूनच होतात, असे त्याचे मत होते.

हे मत पुढच्या विज्ञानाने स्वीकारलेले नाही. मणका दाबून मधुमेह, दमा, वंध्यत्व किंवा रक्तदाब बरा होतो असे कोणी सांगत असेल, तर तिथून उठावे. कंबरदुखीचे मात्र वेगळे आहे. २०१७ साली अमेरिकेतील फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने कंबरदुखीच्या सुरुवातीच्या उपचारांत शेक, मालिश यांच्याबरोबर मणक्यांवरील हाताचे उपचारही सुचवले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही व्यायाम, समुपदेशन यांच्या जोडीने या उपचारांचा समावेश आहे. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचना सांगतात की हे उपचार एकटे न करता व्यायामासोबतच करावेत. म्हणजे कंबरेपुरता हा प्रकार थोतांड नाही, आणि चमत्कारही नाही.

आपल्याकडचा खरा प्रश्न नोंदणीचा आहे. डॉक्टर, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट यांची नोंद ठेवणाऱ्या परिषदा महाराष्ट्रात आहेत. कायरोप्रॅक्टरसाठी तशी परिषद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली या शाखेच्या पूर्ण वेळ शिक्षणासाठी चार वर्षे आणि किमान ४,२०० तास शिकवणी असावी असे म्हटले होते. आपल्यासमोर हात चोळत उभा असलेला माणूस चार वर्षे शिकून आला आहे की चार दिवसांचे शिबिर करून, हे पाटीवरून कळत नाही. ते विचारावेच लागते.

'कडकन' वाजले म्हणजे मणका बसला का?

लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज या आवाजाबद्दल आहे. आवाज आला म्हणजे सरकलेले हाड जागेवर बसले, आणि आवाज आला नाही म्हणजे पैसे वाया गेले, असे मानले जाते. प्रत्यक्षात सांध्यामध्ये वंगणासारखा एक द्रव असतो. सांधा पटकन ताणला की आतला दाब कमी होतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. २०१५ साली कॅनडातील संशोधकांनी बोट ओढून कडकन वाजवतानाच त्याचे एमआरआय चित्रण केले, त्यात ही पोकळी तयार होताना दिसली. आपण सकाळी उठून बोटे मोडतो, तोच हा आवाज. बोटे मोडताना कोणतेही हाड जागेवर बसत नाही, तसेच पाठीतही बसत नाही. आवाजाचा आणि गुण येण्याचा संबंध नाही.

दुसरा गैरसमज 'गॅप'चा. "मणक्यात गॅप आहे, तो भरून काढायचाय," असे सांगत अर्धे रुग्ण येतात. अहो, दोन मणक्यांच्या मध्ये गॅप असतोच, तिथे गादी असते. वय वाढते तशी गादी वाळते आणि अंतर उलट कमी होते. २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ज्यांना काहीही त्रास नाही अशा विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या मणक्यांच्या गाद्यांत झीज दिसली. केस पांढरे होतात तशीच ही झीज आहे. फिल्मवर बोट ठेवून "हे बघा, सरकलंय, वीस वेळा यावं लागेल, आगाऊ पैसे भरा," असे कोणी म्हणाले तर घाई करू नका.

पद्धती एक नव्हे, अनेक

फितींमुळे लोकांना वाटते की हा उपचार म्हणजे झटकाच. तसे नाही. या विद्येत निरनिराळ्या पद्धती आहेत आणि रुग्णाने त्या निदान नावापुरत्या तरी ओळखाव्यात.

पहिली झटक्याची. कुशीवर झोपवून, खांदा एकीकडे आणि कंबर दुसरीकडे वळवून, हाताने थोड्या अंतराचा पण वेगवान झटका देतात. आवाज येतो तो यात. दुसरी पडत्या टेबलाची. टेबलाचा एक भाग किंचित उचललेला असतो. वरून दाब दिला की तो खट्कन खाली बसतो, त्यामुळे हाताला जोर कमी लावावा लागतो. तिसरी छोट्या स्प्रिंगच्या उपकरणाची. हातात मावणाऱ्या या यंत्राने मणक्याजवळ हलके ठोके देतात, अंग वळवावे लागत नाही. चौथी ताणण्याची. मधून वाकणाऱ्या टेबलावर पालथे झोपवून कंबर संथपणे खाली-वर करून ताण देतात. पाचवी आमच्या फिजिओथेरपिस्ट मंडळींची नेहमीची. अंगठ्याने किंवा तळहाताने मणक्याला हळूहळू, लयीत दाब देत सांधा मोकळा करणे. ती कुठेही थांबवता येते, कारण तिची गती रुग्णाच्या ताब्यात राहते. झटका एकदा सुटला की मध्ये थांबवता येत नाही, हा दोहोंतला मोठा फरक.

यांतली चांगली कोणती? माझ्या सांगण्याचा गाभा इथेच आहे. २०१९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जुनाट कंबरदुखीवरील ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. मणक्यांवरील हाताच्या उपचारांनी मिळणारा आराम व्यायामासारख्या इतर मान्य उपचारांइतकाच असतो, असे त्यात दिसले. हाताच्या उपचारांतली अमुक एक पद्धत बाकी सर्वांपेक्षा ठळकपणे सरस आहे, असेही सिद्ध झालेले नाही. आता विचार करा. दोन रस्ते एकाच गावाला जात असतील, तर कोणत्या रस्त्याने जायचे हे प्रवाशाने ठरवायचे की गाडीवाल्याने? ज्याला झटक्याची भीती वाटते त्याला झटका देण्याचे काहीच कारण उरत नाही. ज्याला झटक्यानेच मोकळे वाटते आणि ज्याची प्रकृती धडधाकट आहे, त्याने कंबरेपुरता तो घेतला तर माझी तक्रार नाही. पण निवड रुग्णाची असली पाहिजे, आणि निवड करायची तर बोलले पाहिजे.

भीती वाटते हे सांगण्यात कमीपणा नाही. घाबरलेला माणूस अंग आखडून धरतो. आखडलेल्या स्नायूंवर झटका दिला तर दुखणे वाढण्याचीच शक्यता जास्त. म्हणून "मला भीती वाटते" हे उपचार करणाऱ्याच्या दृष्टीनेही उपयोगाचे आहे.

मानेची गोष्ट वेगळी

कंबरेबद्दल मी जितका सैल आहे तितका मानेबद्दल नाही. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या बारीक भोकांमधून वर जातात आणि कवटीखाली वळण घेऊन आत शिरतात. मान वेगाने पिरगाळली तर या धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते. तिथे रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत जाते आणि तरण्याताठ्या माणसाला अर्धांगाचा झटका येतो. हे क्वचित घडते हे खरे. काही लोकांची धमनी आधीच फाटलेली असते, त्यामुळेच मान दुखत असते आणि म्हणूनच ते मान मोडून घ्यायला जातात, असेही तज्ज्ञांचे म्हणणे आहे. तरीही २०१४ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने स्पष्ट सांगितले की मानेला असा उपचार करण्यापूर्वी रुग्णाला या संबंधाची कल्पना दिली पाहिजे.

आपल्याकडे ही कल्पना कोण देतो? सलूनमध्ये गिऱ्हाईक डोळे मिटून बसलेले असते. दाढी होते, डोक्याची चंपी होते, आणि पुढच्या क्षणी एक हात हनुवटीला, दुसरा डोक्याला, आणि कडक! विचारणे नाही, सांगणे नाही. न्हाव्याच्या मनात वाईट काही नसते. तो आपल्या गिऱ्हाइकाला खूश करण्यासाठी हे वरकड म्हणून देतो, त्याचे पैसेही घेत नाही. मी त्याला दोष देत नाही. पण २०१७ साली दिल्लीच्या बाजूला अशी मान मोडून घेतल्यावर एका मध्यमवयीन माणसाच्या श्वासपटलाला जाणारे मज्जातंतू दुखावले आणि त्याला श्वास घेणे अवघड झाले. २०२४ साली कर्नाटकात बळ्ळारी भागातल्या एका तिशीतल्या तरुणाला सलूनमध्ये मान पिरगाळल्यानंतर अर्धांगाचा झटका आल्याच्या बातम्या आल्या. चंपी करा, खांदे चोळा, त्याला कोणाची हरकत आहे? मान मात्र मोडू नका. खुर्चीत बसतानाच सांगायचे, "दादा, कटिंग-दाढी करा, मान मोडू नका." एवढेच वाक्य. आपल्या भागातल्या सलून चालवणाऱ्या बंधूंनीही हा रिवाज आपणहून बंद केला, तर त्यांचे उपकारच होतील.

मान मोडल्यानंतर गरगरणे, उलटी, एकाचे दोन दिसणे, बोबडे बोलणे, तोल जाणे, हात-पाय जड पडणे, गिळताना ठसका, किंवा कधी नव्हे अशी तीव्र मानदुखी-डोकेदुखी सुरू झाली, तर 'पित्त झाले असेल' म्हणून घरी झोपून राहू नका. ताबडतोब सीटी स्कॅनची सोय असलेले मोठे रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते. कुरकुंभहून पुणे किंवा बारामती गाठायला लागणारा वेळ त्यातूनच वजा होतो, हे ध्यानात ठेवा.

आधी काय सांगायचे?

कोणाकडेही जा, हात लावू देण्यापूर्वी पुढील गोष्टी आपणहून सांगा. समोरच्याने विचारले नाही तरी सांगा.

१. चक्कर, रक्तदाब, पूर्वी झालेला अर्धांग किंवा हृदयविकार, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या.
२. पाळी गेलेल्या स्त्रियांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी हाडे ठिसूळ असल्याची शक्यता. वर्षानुवर्षे दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील तर तेही. अशा पाठीवर झटका दिला तर मणका चेपू शकतो.
३. पूर्वी झालेला क्षयरोग किंवा कर्करोग, अपघात, मणक्याचे ऑपरेशन.
४. स्त्रियांनी गरोदर असल्यास ते.
५. गेल्या वेळी कोणत्या उपचाराने दुखणे वाढले होते.

आणि काही लक्षणे अशी आहेत की ती असताना पाठ कोणाच्याही हाती देऊ नये, आधी डॉक्टरकडे यावे. संध्याकाळी कणकण, वजन घटणे आणि रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी असेल, तर मणक्याचा क्षयरोग असू शकतो. आपल्या देशात तो दुर्मीळ नाही. औषधांनी तो बरा होतो, पण पोखरलेल्या मणक्यावर झटका दिला तर दोन्ही पाय कायमचे जाऊ शकतात. पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, पायातली शक्ती कमी होणे, यांनाही हेच लागू. आणि लघवी अडली, लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायलाच हवे. तिथे उद्यावर टाकून चालत नाही.

काय विचारायचे?

तुम्ही कुठे शिकलात आणि तुमची नोंदणी कुठे आहे? माझ्या दुखण्याचे कारण तुम्हाला काय वाटते? तुम्ही नेमके काय करणार, झटका देणार की हळू दाबणार? मानेला हात लावणार का? यात धोका काय? दुसरा मार्ग आहे का? किती वेळा यावे लागेल आणि गुण आला नाही तर कधी थांबायचे?

प्रश्न सात, वेळ लागतो पाच मिनिटे. चांगला उपचार करणारा या प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याला बरे वाटते. जो म्हणतो, "तुम्हाला काय कळतंय, झोपा गुमान," त्याच्यासमोर झोपू नये.

आपली पसंती सांगायची तर साध्या मराठीत सांगा. "सर, मला झटका नको. हळूहळू ताणून होत असेल तर करा." "मानेला हात लावू नका, कंबरेचंच बघा." "मी 'थांबा' म्हणालो की थांबायचं." "करण्याआधी सांगा, म्हणजे मी अंग सैल सोडेन." उपचार चालू असतानाही बोला. ओढल्यासारखे वाटणे, थोडे दुखणे चालेल. पण पायात किंवा हातात वीज चमकल्यासारखी कळ गेली, मुंग्या आल्या, चक्कर आली तर दात-ओठ आवळून सहन करू नका. दुसऱ्या दिवशी अंग थोडे ठणकते, ते एक-दोन दिवसांत जाते. त्यापेक्षा जास्त काळ राहिले तर पुढच्या खेपेला ते आधी सांगा, आणि त्याने पद्धत बदलली का ते पाहा.

स्त्रियांसाठी वेगळे सांगतो. पाठीचा उपचार म्हणजे अंगाला हात लागणारच. पण कोणते कपडे ठेवायचे, खोलीत सोबत कोण थांबायचे, हे ठरवण्याचा हक्क तुमचा आहे. नणंद, जाऊ, आई, कोणालाही बरोबर न्या. स्त्री फिजिओथेरपिस्ट आहे का, हे विचारायला संकोच नको. हात नको त्या जागी जातो आहे असे वाटले तर तो उपचार नाही. उठा, बाहेर या आणि घरी सांगा.

आपण गप्प का बसतो?

आपल्याला लहानपणापासून शिकवण आहे की वैद्याला, मास्तरला उलट विचारू नये. त्यात पुन्हा दुखण्याने माणूस बेजार झालेला असतो. अडला हरी, अशी अवस्था. शिवाय ओळखीच्या माणसाने पाठवलेले असते, नाही म्हटले तर त्याला काय वाटेल, हाही विचार. हे सगळे मला समजते. पण शरीर आपले आहे. दुखापत झाली तर ती पाठवणाऱ्याला होणार नाही.

कायद्याचेही हेच म्हणणे आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निकाल दिला. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका महिलेचे गर्भाशय तिच्या आईच्या संमतीने काढण्यात आले होते. न्यायालयाने म्हटले, तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि सज्ञान रुग्णाऐवजी दुसऱ्याने दिलेली संमती चालणार नाही. उपचार कशासाठी, त्यात धोका काय, पर्याय कोणते, नाही केला तर काय होईल, हे रुग्णाला पुरेसे सांगूनच संमती घ्यायची. निकाल डॉक्टरांविषयीचा आहे, पण तत्त्व सर्वांना लागू पडावे असे आहे. कंबर दाखवायला आलेल्या माणसाची मान न विचारता मोडणे या तत्त्वात बसत नाही, मग तो माणूस टेबलावर असो की सलूनच्या खुर्चीत.

उपचार करणाऱ्यांनाही दोन शब्द

एकतर्फी बोलणे बरे नव्हे. रुग्ण हाडवैद्याकडे आणि मोबाईलमधल्या तज्ज्ञाकडे का पळतात, याचे उत्तर आम्हा डॉक्टरांकडेही आहे. कंबर दुखते म्हणून आलेल्या माणसाला अनेक दवाखान्यांत हात लावून तपासलेच जात नाही. इंजेक्शन, गोळ्या, पट्टा आणि "वजन उचलू नका" असा सल्ला मिळतो. ज्याचे पोटच वजन उचलण्यावर चालते त्या हमालाने या सल्ल्याचे काय करायचे? त्याऐवजी ओझे अंगालगत धरून, गुडघे वाकवून कसे उचलायचे हे पाच मिनिटे दाखवले, लवकर चालू-फिरू लागण्याचा धीर दिला आणि दोन व्यायाम शिकवले, तर तो कशाला कोणाकडून पाठ तुडवून घेईल?

हाडवैद्य, मालिशवाले आणि नवे कायरोप्रॅक्टर यांना माझी विनंती एवढीच आहे. हात लावण्यापूर्वी विचारा, करण्यापूर्वी सांगा आणि 'थांबा' म्हटले की थांबा. मानेला झटका देऊ नका. हाडवैद्यांनी मोडलेल्या हाडाचा एक्स-रे झाल्याशिवाय आवळून बांधू नये. घट्ट पट्टीखाली रक्तपुरवठा बंद पडून बोटे काळी पडतात, तो हात किंवा पाय मग वाचवणे कठीण होते.

आणि वाचकहो, पाठीचे सर्वांत चांगले औषध कोणाच्याच हातात नाही. ते रोजच्या चालण्यात, थोड्या व्यायामात, तंबाखू-सिगारेट सोडण्यात आणि दुखले तरी दिवसेंदिवस अंथरुणाला खिळून न राहण्यात आहे. हाताचा उपचार त्याला मदत करील, त्याची जागा घेणार नाही. तो घ्यायचाच असेल तर जरूर घ्या. मात्र टेबलावर पालथे पडल्यावर समोरच्याचा चेहरा दिसत नाही आणि त्यालाही आपला दिसत नाही. म्हणून जे बोलायचे ते समोरासमोर बसून, आधीच बोलून घ्या.